आठ वाजताची अम्मी

पनवेल, १५ सप्टेंबर २०२४

साबिरा, सलाम.

फोन अलिनाचा आणि पत्रं आपली, असं तू जाताना ठरवून गेलीस, ते मला पटलं होतं. पोरीच्या वाट्याच्या वीस मिनिटांत आपण मोठ्यांनी घुसू नये. शिवाय अंगठ्यानं तुकड्या-तुकड्यांत लिहिणं मला जमत नाही. बावीस वर्षं मराठी शिकवतेय. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. म्हणून अमजदच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून हा मेल लिहितेय. चारी बाजूंना नळांची आणि बेसिनची खोकी आहेत. उलव्याच्या नव्या इमारतींनी आमच्या ह्यांना श्वास घ्यायला फुरसत ठेवलेली नाही.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. पहिला आठवडा वाईट गेला, ते तुला सांगितलं नव्हतं. पोर संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन बसायची. आता बसत नाही. तुझा आठचा फोन लागला की उशी घेऊन पडते, तू तुझ्या त्या उरणच्या खाडीतल्या खेकड्याची गोष्ट पुढे सरकवतेस, दुआ म्हणतेस, आणि सव्वाआठ-साडेआठला ती झोपलेली असते. फोन मी तिच्या हातातून सोडवून घेते. अमजदनं तिच्या पलंगासमोर एक घड्याळ लावलंय, टाइल्सवाल्यांनी फुकट दिलेलं. तेवढ्यावर ती एक वेळ वाचायला शिकली: लहान काटा आठवर, मोठा बारावर, की अम्मी. बाकीच्या वेळा तिला येत नाहीत आणि शिकायच्याही नाहीत.

तिकडच्या सरकारनं म्हाताऱ्यांची सेवा करायला येणाऱ्या तुझ्यासारख्या बायकांना मुलं आणायला बंदी केली, हा काही तुझा गुन्हा नाही. पण तो नियम माहीत असून तू गेलीस, हे मोहल्ल्यात लोक बोलतात. मी त्यांना सांगते, माझा भाऊ झुबेर वारल्यावर तिनं दोन वर्षं हातपाय मारून पाहिले, आता तीन वर्षांचा करार आहे, मग पुढचा काही मार्ग निघेल. बोलणाऱ्यांची तोंडं बंद करायला घरातलं कुणीतरी लागतं. तीन वर्षांनी अलिना आठ वर्षांची असेल, एवढं फक्त लक्षात ठेव.

दुकानात गिऱ्हाईक आलंय, उठते.
शाजिया


लेस्टर, २० ऑक्टोबर २०२४

शाजिया आपा, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही तिला सांभाळताय, हे कर्ज मी कुठल्या जन्मी फेडू. माझ्या लिहिण्यातल्या चुका पोटात घाला, मी तुमच्यासारखी शिकलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर ऐनवेळी गोंधळ होईल. सव्वीस तारखेच्या रात्री इथल्या सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे करतात. हिवाळा आला की दर वर्षी करतात, आणि मार्चअखेर परत पुढे नेतात. मला आल्यावर कळलं. माझी कामातली सुट्टी साडेतीनलाच राहणार, तेवढीच एक मिळते, बाकी सकाळी आठ ते रात्री आठ फोन लॉकरमध्ये. पण माझे साडेतीन म्हणजे आत्तापर्यंत तुमचे आठ होते, ते सत्तावीसपासून नऊ होतील. मी मॅनेजरबाईंना विचारून पाहिलं. सुट्टी बदलत नाही म्हणाल्या.

मी जिथं भाड्यानं राहते त्या सुमतीबेनचा नातू चार वर्षांचा आहे. त्या सांगतात, घड्याळ बदललं की पंधरा दिवस घर डोक्यावर घेतो, पहाटे पाचला उठून बसतो, संध्याकाळी ताटावर डुलक्या. मुलांचं शरीर काट्यावर चालत नाही ना. त्याच्या शाळेतून एक कागद आलाय, त्यात लिहिलंय की निजायची वेळ एकदम बदलू नका, आधीपासून रोज दहा-दहा मिनिटं सरकवा, म्हणजे मुलाला पत्ता लागत नाही. आपा, आपण अलिनासाठी तसं करूया का? आजपासून रोज दहा मिनिटं उशिरा निजवा. सहा-सात दिवसांत ती नऊवर येईल. दुपारी शाळेतून आल्यावर तुमची कामवाली चिंधी तिला निजवतेच, ती झोप थोडी वाढवली की झालं. आणि आता दिवाळीची सुट्टी लागेल, सकाळी व्हॅनची घाई नाही.

मला माहीत आहे मी जास्त मागतेय. पण दिवसभर मी अनोळखी लोकांना भरवते, पुसते, त्यांच्या अंगावर पांघरूण घालते. साडेतीनला माझं स्वतःचं लेकरू माझ्या आवाजानं झोपतं, त्यावर बाकीचे तास निघतात.

अमजदभाईंना सलाम. माझ्या अलिनाच्या दोन्ही गालांना,
तुमची साबिरा


पनवेल, २४ ऑक्टोबर २०२४

साबिरा, सलाम.

पत्र मी अमजदलाही वाचून दाखवलं. माझे अब्बा तेवीस वर्षं कुवेतला होते. अमजद नऊ वर्षं दोह्यात. तुझा नवरा सहा वर्षं. या गल्लीत असं एक घर नाही ज्याचा माणूस तिकडे जाऊन आला नाही. तिकडचा-इकडचा फरक अडीच तास म्हणजे अडीच तास. थंडी असो, उन्हाळा असो, रमजान असो, अब्बांचा शुक्रवारचा फोन ज्या वेळी यायचा त्याच वेळी यायचा, अम्मी त्यावर तांदूळ चढवायची. कुणाच्या घड्याळानं कधी मागे पाऊल टाकलं नाही. मशिदीबाहेर बसणाऱ्या चाचा लोकांना अमजदनं विचारलं, तर ते हसले. म्हणाले, सूनबाईची शिफ्ट बदलली असेल.

शिफ्ट बदलली असेल तर तसं लिही. मला राग येणार नाही. नव्या ठिकाणी ओळखी होतात, साडेतीनला चार बायका बसत असतील चहाला, मन रमवायला माणसाला काही लागतं. त्यासाठी अख्ख्या देशाची घड्याळं फिरवायची गरज नव्हती.

पोरीच्या झोपेचं मी बघते. तिच्या भल्याचं जे असेल ते करीन.

शाळेत पेपर तपासायचे पडलेत.
शाजिया


लेस्टर, ५ नोव्हेंबर २०२४

आपा, सलाम.

नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी तुमच्या नऊला फोन करते आणि अमजदभाई उचलतात आणि हळू आवाजात सांगतात, ती झोपली. एकदा तर त्यांनी फोन तिच्या तोंडाजवळ नेऊन दाखवला. ती कुशीवर झोपली होती, आणि तिच्या हातात तिचं ते पिवळं कापड नव्हतं. ते धुवायला टाकलंय का?

मी खोटं बोलत नाही आपा. इथल्या पेपरातली बातमी जोडलीय, तारखेसकट. तुमच्या शाळेत कुणालाही विचारा. गल्फचं घड्याळ बदलत नसेल, इथलं बदलतं. माझ्या आयुष्यात मी तुमच्यासमोर कधी खोटं बोलले आहे का?

तुम्ही ती दहा मिनिटं सुरू केली का? केली नसतील तर अजून सुट्टी आहे, अजून वेळ गेलेली नाही. ती आठला काय करते? घड्याळाकडे बघते का? मला तेवढं सांगा. वाईट असलं तरी सांगा.

साबिरा


पनवेल, १२ नोव्हेंबर २०२४

साबिरा,

चूक माझी. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी मला दाखवलं, तुमच्याकडे खरंच घड्याळं मागे करतात. वर्गात मी पोरांना चुकल्यावर उभं राहून चूक मान्य करायला लावते, तेव्हा मीही करते.

वाईट असलं तरी सांग म्हणालीस, म्हणून सांगते. सत्तावीसला आठ वाजता ती उशी घेऊन पडली. आठ वाजले, सव्वाआठ झाले. तिनं मला विचारलं, घड्याळ बिघडलं का. मी म्हटलं, नाही. मग ती उठून बसली आणि काट्याकडे बघत राहिली. रडली नाही, रडली असती तर सोपं गेलं असतं. तिला नऊपर्यंत जागं ठेवायचा प्रयत्न मी दोन दिवस केला, पण पावणेनऊला ताटावरच तिची मान पडली. तिसऱ्या दिवशी आमची चिंधी मला म्हणाली, "पोरीला आईचा फोन दावा वो बाई, तिचा जीव हाय त्यात. नायतर ती आतल्या आत झुरंल." चिंधीची स्वतःची तीन पोरं ओवे गावच्या डोंगराखाली बापाजवळ टाकून ती दिवसभर आमच्याकडे राबते, तेव्हा तिला काय ते कळत असावं.

तर तू सांगितलेली दहा मिनिटं मी सुरू केली आहेत. रोज दहा मिनिटं, नेमानं. तुझा तो कागद खरा आहे, पोरीला पत्ता लागत नाही. मला थोडा अवधी दे. तोवर रोज नऊला फोन करू नकोस, तो वाजला की अर्धवट जागी होते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. रविवारी तुला सुट्टी असते, तेव्हा दुपारी साडेचारला कर. रविवारी रात्रीचाही नको; एक दिवस आवाज आणि सहा दिवस नाही, अशानं तिची झोप पार विस्कटेल. हे तुझ्या जिवावर येईल, मला कळतं. पण झोप तिची आहे, तुझी नाही.

पिवळं कापड फाटलं. नवीन दिलंय.
शाजिया


लेस्टर, १५ डिसेंबर २०२४

आपा, सलाम.

तुम्ही चूक मान्य केलीत ते वाचून मला रडू आलं. मी मनात तुमच्याविषयी फार वाईट विचार केले होते, त्याची माफी मागते. तुम्ही माझं लेकरू सांभाळताय आणि मी इथं बसून संशय घेते, हे चांगलं नाही.

पण रविवारचं जमत नाहीय आपा. एका रविवारी ती ओव्याला वाढदिवसाला गेली होती. पुढच्या रविवारी लाइट नव्हती. मग चिंधीबरोबर बागेत. गेल्या रविवारी भेटली, पण दुपारी तिला गोष्ट नको असते, तिला खेळायचं असतं. मी विचारलं, काय जेवलीस, तर तिनं आधी तुमच्याकडे बघितलं आणि मग मला सांगितलं. आधी ती असं करत नव्हती.

आता चांगली बातमी. इथं कोमल नावाची नागपूरची मुलगी माझ्याबरोबर कामाला आहे. तिची सुट्टी अडीचला असते. तिनं माझ्याशी अदलाबदल करायचं कबूल केलंय, मॅनेजरबाईंनीही मान डोलावली. पहिल्या जानेवारीपासून माझी सुट्टी अडीचला, म्हणजे तुमच्या आठला. परत आठ वाजता! आता तुम्हाला ती दहा मिनिटं उलटी करावी लागतील, नऊवरून आठवर, तेवढा त्रास घ्या. ती आता किती वाजता झोपते? तिला माझ्याकडून सांगा, की लहान काटा आठवर, मोठा बारावर. खेकडा बिळातून निघालाय म्हणावं.

तुमची साबिरा


पनवेल, ३ जानेवारी २०२५

साबिरा,

पहिली आणि दुसरी, दोन्ही दिवस आठला तू फोन केलास आणि दोन्ही दिवस मी तुला सांगितलं ती झोपली. तू मला विचारलंस, एवढ्या लवकर? हो. ती साडेसातला झोपते. सकाळी पावणेसातला व्हॅन असते, पाच वर्षांच्या मुलाला दहा-अकरा तास झोप हवी, हे कुणीही डॉक्टर सांगेल. थंडी आहे, लवकर अंधार पडतो, मुलं लवकर पेंगतात. तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय, अलिना वर्गात अगदी ताजीतवानी असते.

तू म्हणालीस तिला उठवा. निजलेल्या मुलाला उठवून फोन हातात देणारी मी नाही. तू आई आहेस, तूही नसशील.

शाजिया


लेस्टर, ९ मार्च २०२५

आपा, सलाम. तुम्हा सगळ्यांना रमजान मुबारक.

दोन महिने लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि काय मागावं कळायचं नाही. ती लवकर निजते, शाळेत ताजी असते, यात तक्रार कसली करायची. मी स्वतःला समजावलं की लेकरू सुखानं झोपतंय. कोमल म्हणते, तुला ती न झोपलेली हवी आहे का? मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण हिशोब करता करता मला एक सापडलं. तीस मार्चला आमची घड्याळं परत पुढे जातात. माझी सुट्टी अडीचचीच. पण मग माझे अडीच म्हणजे तुमचे सात! सातला ती जागी असते. आणि दुसऱ्याच दिवशी, चंद्र दिसला तर, तुमच्याकडे ईद. आपा, ईदच्या दिवशी मगरिबच्या नमाजानंतर सातला मी फोन करीन. त्या दिवशी तिला कुठे पाठवू नका. तिला मी पाठवलेला हिरवा शरारा घाला. पाच महिन्यांची गोष्ट तुंबून राहिलीय, एका दिवसात संपवणार नाही, थोडी उरवीन, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सातला वाट बघेल.

एवढं एक करा. मग मी काही मागणार नाही.

तुमची साबिरा


पनवेल, २ एप्रिल २०२५

साबिरा,

ईदच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी तिला कुठे पाठवलं नव्हतं, हे तू पाहिलंसच. शराराही घातला होता, थोडा आखूड झाला. तू गोष्ट सुरू केलीस. तिनं चांगली पाच मिनिटं ऐकली, मान हलवली, ईदी कोणी किती दिली ते तुला सांगितलं. मी तिला वळण चांगलं लावलंय. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अम्मी, आता ठेवू फोन?" आणि तू फोन कापलास.

तू परत केला नाहीस, म्हणून मीच लिहिते. हे तू कधीतरी ओळखशील, आणि अमजदकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. ते दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीत.

तू दहा मिनिटं सांगितलीस, मी दहा मिनिटं केली. फक्त दुसऱ्या दिशेनं. पहिल्या दिवशी सव्वाआठ, दुसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटं. दुपारची झोप बंद केली. चिंधीला सांगितलं, तिला जागी ठेव, बागेत ने, दमव. आठवड्याभरात साडेसातला तिचे डोळे मिटायला लागले. आठ वाजलेले तिनं त्यानंतर पाहिलेच नाहीत. नऊच्या फोननं ती उठते अशी तुला भीती घातली ती खोटी होती, ती एकदा झोपली की ढोल वाजवले तरी उठत नाही. ताटावर मान पडली तेही खोटं. मी तिला नऊपर्यंत जागं ठेवलंच नाही. सत्तावीसला तिनं मला विचारलं, अम्मी विसरली का. तू नऊला फोन करणार, हे तेव्हा मला माहीत होतं. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. घड्याळाची गोष्ट थाप आहे असं मी लिहिलं खरं, पण बावीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला एवढं शोधून काढता येत नाही का? मी गप्प बसले. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा तिनं काय तो अर्थ लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काय म्हणावं सुचेना म्हणून बेचा पाढा म्हटला. पंधराच्या पाढ्यापर्यंत पोचले तेव्हा ती झोपली होती.

त्या दिवसापासून ती माझ्या पाढ्यांवर झोपते. माझी तीन पोरं पोटातच गेली, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या वेळी तूच माझ्या उशाशी होतीस. मी कधी कुणाला निजवलं नव्हतं. एक जीव तुमच्या हाताखाली सैल पडत जातो, ते तू रोज केलंस आणि मग सोडून गेलीस. तू एका तासानं मागे गेलीस, मी दहा-दहा मिनिटांनी पुढे आले.

आता ती सुखात आहे. तू तिथेच राहा. तीन वर्षांची सहा कर. रविवारी भेटत जा, मी अडवणार नाही. पण तिला दोन आया देऊ नकोस, तिची झोप जाईल.

शाजिया


लेस्टर, ६ एप्रिल २०२५

शाजिया आपा,

नोकरीचा राजीनामा दिला. महिनाभर काम करावं लागेल. सोळा मेला पोचते. तिच्या शाळेचा दाखला काढून ठेवा.

साबिरा


पनवेल, ३० मे २०२५

साबिरा,

हा मेल तुझ्या भावाच्या, आदिलच्या, पत्त्यावरही पाठवतेय, कारण तू माझे फोन घेत नाहीस.

तू तिला द्रोणागिरीला नेऊन दहा दिवस झाले. नेलंस ते ठीक केलंस, तुझा हक्क आहे, अमजदही तेच म्हणाले आणि त्यांनीच तिची बॅग गाडीत ठेवली. मला भांडायचं नाही. ती गाडीच्या काचेला हात लावून ओरडत होती तेव्हा मी आत निघून गेले, ते तुझ्यावरच्या रागानं नाही. मला तिथं उभं राहवेना.

काल आदिल दुकानावर आला होता. गोदामातून थेट आला होता, डोळे लाल. तो म्हणाला, घरात कुणीच झोपत नाही. अलिना एकेक, दोन-दोन वाजेपर्यंत बसून राहते. मग दमून झोपते, दचकून उठते. डोळ्यांखाली काळं झालंय, जेवत नाही. साबिरा, सहा वर्षं पुरी नसलेल्या मुलाला हे सोसत नाही.

तिला पाढे लागतात. दोनपासून बारापर्यंत, हळू, एकाच सुरात, आणि पाठीवर तळहात, थापटायचं नाही, नुसता ठेवायचा. मी तुला शिकवते. नाहीतर साडेसातला मला एक फोन लावून दे. स्पीकरवर ठेव, मला ती दिसायला नको, तिला मी दिसायला नको. मी दुसरा एक शब्द बोलणार नाही, पाढे म्हणीन आणि ती झोपली की तू फोन बंद कर. मी जे केलं त्याची शिक्षा मला दे, माझं तोंड बघू नकोस, मोहल्ल्यात सगळ्यांना सांग. तिला का?

सात तारखेला बकरी ईद आहे. तेवढ्या दिवशी तरी फोन दे. मी हात जोडते. वाचून उत्तर दे.

शाजिया


द्रोणागिरी, ३ जून २०२५

आपा,

आदिलनं सांगितलं ते खरं आहे, त्यानं कमीच सांगितलं. पहिले आठ दिवस तिनं मला अंगाला हात लावू दिला नाही. मी खेकड्याची गोष्ट काढली तर तिनं दोन्ही कान झाकले. मला ती आंटी म्हणते. अम्मी म्हणून हाक मारते तेव्हा दाराकडे बघून मारते, ती हाक तुमची असते. मी शेजारी बसलेली असताना ती मला विचारते, अम्मी कधी नेणार मला.

पाढे मीही म्हणून पाहिले. तुमचं पत्र यायच्या आधीच, तिनंच झोपेत बडबडताना म्हटले होते म्हणून. माझ्या तोंडून ऐकून ती इतकी बिथरली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. म्हणजे पाढे नाही लागत तिला, तुम्ही लागता. आदिल मला म्हणाला, "ताई, एक फोन लाव. तुझी इज्जत राहू दे बाजूला, पोरगी झोपेल." त्याचं बरोबर आहे. तुम्ही फोनवर बे एके बे म्हटलंत तर ती पाच मिनिटांत झोपेल, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. फोन माझ्या हातात होता. तुमचा नंबर समोर होता.

मी लावला नाही. एकदा लावला तर रोज लावावा लागेल. रोज साडेसातला तुम्ही तिला माझ्या घरात येऊन निजवाल आणि मी शेजारी बसून फोन धरीन, जसं मी लेस्टरला दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी बसायचे. मला तिची झोप नको आहे आपा. मला ती हवी आहे. हे ऐकायला वाईट वाटतं, पण तुमच्यापाशी खरं लिहायला काय हरकत आहे, तुम्हीही मला खरं लिहिलंत.

परवा तिनं परत विचारलं, अम्मी का येत नाही, विसरली का. तुमच्यासारखं मला गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसलं की ती वाट बघते, हे मी तुमच्याकडूनच शिकले. म्हणून मी तिला सांगितलं की तुझी फुफी, अब्बूची बहीण, अल्लाहकडे गेली. अब्बू गेले तिथं. आता ती येणार नाही, आली असती पण येता येत नाही. अब्बू म्हटल्यावर तिला लगेच कळलं. त्याचं उत्तर मला कयामतला द्यावं लागेल, ते मी देईन.

ती खूप रडली. मला मारलं, चावली. मग तिच्याकडे दुसरं कुणी राहिलं नव्हतं, तेव्हा ती माझ्या मांडीवर आली. कालही आली आणि साडेआठला झोपली.

तुम्ही आता फोन करू नका आणि इकडे येऊही नका. तुम्हाला बघून ती घाबरेल.

साबिरा